गारांनी मधली पन्हाळ तुंबते, पाणी पत्र्याखाली उलटतं. काय करावं?

केळीपट्टा_रावेर
राम राम मंडळी. केळी पॅकिंगची दोन शेडं एकमेकांना लागून आहेत. दोन्हींचा उतार आतल्या बाजूला आणि मधे एकच पन्हाळ: ३० मीटर लांब, ३०० मिमी रुंद, २०० मिमी खोल, तळ सपाट. दोन्हीकडचा पत्रा ६-६ मीटरचा, म्हणजे ३६० चौरस मीटरचं पाणी याच पन्हाळीत येतं. पत्रा कलरचा, खाचेचा, ०.५ मिमी, उतार ६ अंश. दोन्ही टोकांना ११० मिमीचा एकेक पाइप, तोंडावर सपाट जाळी.

पावसाळ्यात एखादी जोराची सर आली तर थोडं ठिबकतं. पण मार्च-एप्रिलची गारपीट झाली की पन्हाळ पाच-दहा मिनिटांत शिगोशीग भरते आणि पाणी दोन्ही कडांवरून आत येतं. खाली खोक्यांची थप्पी असते. फिटर म्हणतो सगळे स्क्रू बदला. दुसरा म्हणतो हिमाचलात बर्फ अडवायला पत्र्यावर पट्ट्या मारतात, तशा मारा. तिसरा म्हणतो जाळीपाशी खडेमीठ टाकून ठेवा. खरं काय?

उतार_मोजा
तिघांचंही बाजूला ठेवा, आधी हिशेब बघा.

पन्हाळीत मावतं ३० × ०.३ × ०.२ = १.८ घनमीटर. छप्पर ३६० चौरस मीटर. म्हणजे पत्र्यावर सरासरी फक्त ५ मिमी जाडीच्या गारा पडून खाली घरंगळल्या, की पन्हाळ काठोकाठ. बऱ्यापैकी गारपिटीत जमिनीवर दोन बोटं थर सहज साचतो. तेव्हा ‘पन्हाळीत सगळ्या गारा मावल्या पाहिजेत’ हा विचारच सोडा, तेवढी मोठी पन्हाळ कुणी करत नाही. पन्हाळ गारांनी भरणारच, हे धरून पाण्याची वाट काढायची.

आता तुंबतं कुठे? गार पाण्यावर तरंगते. पाणी तोंडाकडे ओढलं जातं, गारा त्याच्याबरोबर जातात आणि सपाट जाळीवर चिकटून बसतात. शिवाय गारा झाडाचा पाला फाडून आणतात. फेब्रुवारी-मार्चमधे निंबाची पानगळ असतेच, ती आधीच पन्हाळीत पडलेली. पाला आणि गारा यांचा जो लगदा होतो तो गोणपाटाचा बोळा कोंबल्यासारखा बसतो.

त्यात पाइप मुळातच कमी. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर १०० मिमीचा उभा पाइप साधारण ४० चौरस मीटर छपराला पुरतो, १५० मिमीचा साधारण १२५ ला. तुमचे दोन पाइप मिळून ८०-९० चौरस मीटरचे, आणि छप्पर ३६० चं. पावसाळ्यातलं ठिबकणं त्याचंच.

मी या क्रमाने करेन:

पहिलं, टोकाच्या पाट्या कापा. पन्हाळीच्या दोन्ही टोकांच्या पाटीला वरून १०० मिमी खोल, पूर्ण ३०० मिमी रुंदीचा खाचा घ्या. पन्हाळीची बाजूची कड २०० वर आहे, हा खाचा म्हणजे सांडवा, तो १०० वर येतो. पाइप बंद पडला तरी पाणी भिंतीबाहेर पडेल, आणि तरंगणाऱ्या गाराही तिथूनच बाहेर ढकलल्या जातील. खाली पागोळी पडेल तिथे फरशी किंवा खडी टाका, नाहीतर पाया उकरला जाईल. खर्च जवळपास नाही आणि फायदा सगळ्यात जास्त. आधी हेच.

दुसरं, पाइप १६० मिमीचे करा आणि मधे, १५ मीटरवर, तिसरा द्या. टोकाचा सांडवा मधल्या गारांच्या उपयोगाचा नाही, त्या तिथवर सरकतच नाहीत. प्रत्येक तोंडाखाली ३०० × ३०० × ३०० ची पेटी सोडा, पाइप पेटीच्या तळातून काढा.

तिसरं, सपाट जाळी काढून १२ मिमी वेल्डमेशचा (जोड वेल्ड केलेल्या तारेच्या जाळीचा) उभा पिंजरा बसवा, पेटीच्या तोंडाएवढा रुंद आणि पन्हाळीच्या तळापासून किमान २०० मिमी उंच. खालचे घर बुजले तरी वरच्या घरांतून पाणी जात राहतं.

स्क्रू हा वेगळा विषय. ते गळत असते तर पाणी पन्हाळीच्या कडेला नाही, पर्लिनच्या (पत्रा ज्या आडव्या लोखंडावर स्क्रूने बसवतात त्याच्या) रेषेवर ठिपक्या-ठिपक्यांनी पडलं असतं.

पत्रा_फिटर_धुळे
वरच्या भाऊंचं बरोबर आहे, त्यात माझी भर.

६ अंशाच्या उतारावर पन्हाळीतलं पाणी पत्र्याच्या काठापेक्षा ५० मिमी वर चढलं की ते पत्र्याखाली जवळजवळ पावणेपाचशे मिमी आत शिरतं. त्यामुळे पन्हाळीची कड पत्र्याखाली १५० मिमी आत घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. फोमची फिलर पट्टी, खाचेच्या आकाराची, जरूर लावा. ती उडणारं पाणी, धूळ आणि चिमण्या थांबवते. साचलेलं पाणी थांबवत नाही.

स्क्रू सगळे बदलू नका, तपासा. खान्देशातल्या उन्हात पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो. थंडीतली पहाट ते मेमधली दुपार असा ५० अंशांचा फरक धरला तर ६ मीटरचा पत्रा साडेतीन मिमीच्या आसपास लांबतो. दरवर्षी हेच, म्हणून भोक लांबट होतं आणि वॉशरचं रबर कडक होऊन तडकतं. नखाने दाबून बघा: रबर दबलं तर ठीक, चिरा दिसल्या तर बदला. भोक मोठं झालं असेल तर जुन्या ५.५ मिमीच्या जागी ६.३ मिमीचा स्क्रू, ईपीडीएम (उन्हात टिकणाऱ्या रबराच्या) वॉशरसकट. रबर किंचित फुगेल एवढंच आवळा. चपटं होऊन बाहेर आलं म्हणजे जास्त आवळलं, ते लवकर फाटणार.

सांध्यांना कडक होणारी लांबी (पुट्टी) भरू नका, पत्रा हलला की तडकते. डांबर मेमधे वितळतं. ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) किंवा न्यूट्रल सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्त खातं.

खाचा कापायला पत्र्याची कात्री घ्या, ग्राइंडर नको. ठिणग्या कलरमधे रुततात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे गंजाचे ठिपके दिसतात.

धाब्याचं_घर
पट्टी आणि मीठ यांवर कुणीच नीट बोललं नाही म्हणून.

हिमाचल-काश्मीरमधे प्रश्न वेगळा. घराच्या उबेने पत्र्यावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी भिंतीबाहेरच्या थंड वळचणीवर येऊन पुन्हा गोठतं, तिथे बर्फाचा बांध होतो आणि मागचं पाणी पत्र्याखाली शिरतं. पट्ट्या तिथे कशासाठी? साठलेला बर्फ एकदम घसरून माणसांच्या अंगावर पडू नये म्हणून. आपल्याकडे पुन्हा गोठण्याचा प्रश्नच नाही. पट्टीने गारा पत्र्यावर अडतील हे खरं, पण तुमच्या पत्र्यात तिच्यासाठी नवी भोकं पडणार. पट्टीमागे वर्षभर धूळ-पाला साचेल आणि बाजूच्या जोडावर पाणी तुंबेल. तो जोड वाहत्या पाण्यासाठी असतो, उभ्या पाण्यासाठी नाही.

मीठ तर अजिबात नको. दहा मिनिटांच्या गारपिटीत ते गारा वितळवणार नाही, पन्हाळीचं जस्त मात्र खाईल.

केळीपट्टा_रावेर
सांडवा या आठवड्यात कापतो. मधला पाइप मात्र नेमका वजनकाट्यावर येतो. आणि एवढ्या गारांचं वजन छप्पर पेलेल का?

उतार_मोजा
पाइप तिथेच उतरवायची सक्ती नाही. पेटीतून आडवा काढून शेजारच्या खांबाला टेकवा, मीटरला किमान १० मिमी उतार द्या आणि वाकणापाशी उघडता येणारं झाकण ठेवा.

छपराची काळजी नको. साचलेल्या गारांचा ५ सेंमी थर चौरस मीटरला २५-३० किलो भरतो. आयएस ८७५ (इमारतींवर किती भार धरायचा याचं भारतीय मानक) च्या भाग २ प्रमाणे १० अंशांपर्यंतच्या, वर्दळ नसलेल्या छपराला ७५ किलो धरतात. काळजी पन्हाळीची करा. काठोकाठ भरली की मीटरला ६० किलो, पूर्ण लांबीला १,८०० किलो. खालचे ब्रॅकेट ६०० मिमीवर आहेत का मोजा. १ मीटरवर असतील तर मधे पोट पडतं आणि त्या खोलगटात पाणी कायम उभं राहतं. ब्रॅकेट वाढवताना तळाला मधून टोकांकडे २०० ला १ उतार द्या, १५ मीटरला ७५ मिमी. मग टोकांना १६० चे दोन-दोन पाइप देऊन मधला टाळता येईल, पण मध्यावर खोली १२५ च उरेल, म्हणून पन्हाळच २७५ ची नवी बसवावी लागेल.

पत्रा_फिटर_धुळे
गारा पडत असताना कुणाला वर चढवू नका. वीज कडाडत असते आणि गारांवर पाय सटकतो. साफसफाई फेब्रुवारीअखेर एकदा, मग निंब झडून झाल्यावर एकदा. पाय स्क्रूच्या रेषेवरच ठेवायचा, खाली पर्लिन असते. पारदर्शक पत्र्यावर तर चुकूनही नाही. उन्हाने तो ठिसूळ झालेला असतो आणि त्यावर धूळ बसली की बाकीच्या पत्र्यांत ओळखूही येत नाही. वर जाण्याआधी खालून बघून त्याच्या चारी कोपऱ्यांवर लाल रंगाची खूण करून घ्या.