गॅसच्या टॉर्चवर काचेचे मणी शिकतेय, पण थंड झाले की तडकतात. भट्टी घ्यावीच लागते का?

मृण्मयी_सांगली:
नमस्कार मंडळी, मी दागिने करते, आजवर मणी विकत आणून ओवत होते पण आता मणीच स्वतः करायचे असं मनाने घेतलंय. एका कार्यशाळेला जाऊन आले आणि घरी ब्युटेनचा छोटा किचन टॉर्च आणलाय. थोड्या इटलीच्या रंगीत काचेच्या कांड्या आहेत, बाकी बाटल्यांची काच वापरते. ज्योतीत असताना मणी इतका सुरेख दिसतो, सिरॅमिक लोकरीत गुंडाळून ठेवते आणि सकाळी बघते तर भोकाजवळ चीर, कधी सरळ दोन तुकडे. भट्टीशिवाय हे शिकताच येत नाही का? आणि गॅस नक्की कुठला घेऊ?

काचकाम_पुणे:
ताई, आधी एक सांगा, बाटलीची काच आणि इटलीची कांडी एकाच मण्यात वापरताय का? तसं असेल तर भट्टी असूनही तडकणारच. गरम झाल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा एक आकडा असतो, इटलीच्या मऊ काचेचा १०४, बोरोसिलिकेटचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उष्णता सोसणाऱ्या काचेचा, साधारण ३३, आणि बाटलीचा यातला कुठलाच नाही. दोन काचा थंड होताना कमीजास्त आकसतात आणि एकमेकींना ओढतात. बाटल्या बाजूलाच ठेवा काही दिवस, शिकायला १०४ ची कांडीच बरी, कमी उष्णतेत वितळते.
दुसरं कारण म्हणजे थंड होणं. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो, तो ताण आत अडकून राहतो, म्हणून कधी रात्री, कधी महिन्याने गळ्यात असताना फुटतो. हा ताण घालवायला मणी ५१० ते ५२० अंशांवर अर्धा-एक तास ठेवून मग सावकाश उतरवायचा. नर्सरीत व्हर्मिक्युलाइट, म्हणजे हलक्या फुललेल्या खनिजाचे दाणे, मिळतं ते घ्या, स्टीलच्या डब्यात भरून तापवा आणि त्यात मणी खुपसा. छोटे मणी बहुतेक वाचतात, पण ताण पूर्ण जात नाही, त्यामुळे विकायचे मणी नंतर भट्टीत घालाच. स्वतःची भट्टी लगेच नको, जवळच्या पॉटरी स्टुडिओत तापमानाचा कंट्रोलर असलेली भट्टी असेल तर बरेच मणी साठवून एकदम भाजून घेता येतात.

वेल्डर_नागपूर:
गॅसचं मी सांगतो, हे रोजचं काम आहे. किचन टॉर्चवर अगदी बारीक मणी होतील पण उष्णता कमी, हात दुखून येतील. एलपीजीवरचा बर्नर घ्या, पण घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, ५ किलोचा छोटा वेगळा मिळतो तो घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकी उघडी असली तरी खाली हवा खेळते का ते बघा. पुढे ऑक्सिजन जोडाल तेव्हा दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी नळीत शिरू न देणारा भाग, हवाच आणि ऑक्सिजनच्या जोडांना तेल-ग्रीस अजिबात लागू देऊ नका. डोळ्यांना डिडिमियमचा चष्मा लावा, त्याने सोडियमचा पिवळा झगमगाट कापला जातो आणि काच दिसते. आणि मणी करायची सळी म्हणून आमच्या वेल्डिंगच्या दुकानातली १.६ किंवा २.४ मिमीची स्टेनलेस फिलर रॉड चालते, महागडी वेगळी काही नको.

गंगाकाठची_वहिनी:
माझं सासर बनारसचं, तिथे घरोघरी हे काम चालतं, बनारसी काचेच्या मण्यांना जीआय, म्हणजे त्या गावची खासियत असल्याचं मानांकन, सुद्धा मिळालंय. तारेवर मातीचा लेप, म्हणजे मणी तारेला चिकटत नाही, त्यावर काच. कारागिराच्या बोटांकडे मी तासभर बघत बसले होते, बोलताना, कांडी उचलताना, मान वळवून हाक मारताना, डाव्या हातातली तार फिरायची थांबतच नाही. मृण्मयी, तेवढंच आधी शिक, काचेशिवाय नुसती सळी फिरवत बस. लेप चायना क्ले आणि अ‍ॅल्युमिना हायड्रेटचा घरी करता येतो, कालवताना मास्क लाव.

मृण्मयी_सांगली:
खूप खूप आभार सगळ्यांचे! हो, बाटली आणि कांडी एकत्रच वापरत होते. अजून एक, भोकाच्या दोन्ही कडा धारदार येतात, दोरा कापला जातो. आणि फिरोजी रंग मळकट, लालसर होतो, तो का?

काचकाम_पुणे:
कडा धारदार म्हणजे लेपावर काचेचा पट्टा रुंद आणि काच कमी. पहिला वेढा अरुंद घ्या, मग मधोमध काच चढवत जा, काच स्वतःच गोळा व्हायला लागते आणि दोन्ही टोकं आत वळतात. फिरोजीत तांबं असतं, ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला की पृष्ठभागावर तांबूस साय येते. बर्नरच्या तोंडाशी धरू नका, चार-पाच इंच लांब धरा. आणि कांडी एकदम ज्योतीत घालू नका, टोकाकडून हळूहळू आत आणा, नाहीतर तडतडून तुकडे उडतात.