प्रश्न: अपिलात राहून गेलेला उमेदवार आता जोडता येईल का?
नागपूर खंडपीठाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील झालं आणि एका उमेदवाराला पक्षकार करायचं राहून गेलं, तर आधी पाहा: मूळ निवडणूक याचिकेत तो प्रतिवादी होता का? असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम २० चा आधार घेऊन अर्ज द्या. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ (पुढची कलमंही याचीच) च्या कलम ११६अ ची अपिलासाठीची ३० दिवसांची मुदत उलटली असेल, तर कोर्टाला कारणं नोंदवूनच त्याला घेता येतं. म्हणून उशिराचा खुलासा तारीखवार, प्रतिज्ञापत्रावर हवा. 'नजरचुकीने' एवढं लिहून भागवू नका, कृपया.

याचिकेतच नसेल, तर वाट अवघड आहे. कलम ८२ नुसार याचिकेत ज्याला प्रतिवादी करावंच लागतं, असा आवश्यक पक्षकार राहून गेला की ८६(१) नुसार याचिकाच फेटाळली जाते. ८२ आणि ८६(४) (स्वतः अर्ज करून सामील होणारा उमेदवार) बाहेरच्या कुणालाही जोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ज्योती बसू वि. देबी घोषाल (१९८२) या निकालात ठरलंय.