मदत हवी आहे : डोपाल लायसीनवर की सिस्टीनवर?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करते. सोमवारी सेमिनार आहे, विषय पार्किन्सन. (आमच्या आबांना आहे. रंकाळ्यावरची फेरी आता माझा हात धरून होते, म्हणून हट्टानं हाच विषय घेतला.)

इथवर कळलंय : मज्जापेशीत मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम डोपामिन (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) तोडतं आणि डोपाल हे अल्डिहाइड बनतं. एरवी अल्डिहाइड डीहायड्रोजनेज हे दुसरं एन्झाइम त्याचं डोपॅक हे आम्ल करून टाकतं. ते कमी पडलं की डोपाल साचतं, अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनातल्या लायसीनला (एक अमिनो आम्ल) चिकटतं आणि प्रथिनाचे गुच्छ व्हायला लागतात. डोपामिनचं क्विनोन (ऑक्सिडेशन झालेलं रूप) मात्र इतर प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचं गंधक धरतं.

गाडी अडलीय ती पुढं. डोपालमध्येही डोपामिनसारखं कॅटेकॉल (शेजारी-शेजारी दोन OH असलेलं बेंझिनचं कडं) आहे, म्हणजे तेही क्विनोन होऊन सिस्टीनवर बसू शकतं. माझ्या हिशोबानं डोपामिन क्विनोनमुळं प्रथिनाचं वस्तुमान 151 डाल्टननं वाढेल, डोपाल क्विनोनमुळं 150 नं. एकाचाच फरक! मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणूंचं वस्तुमान मोजायच्या तंत्रात) हे वेगळं कसं ओळखता? आणि लायसीनवरचा शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमाइन जुळून झालेला C=N बंध; वाढ 134) पाण्यात सुटतो, तर आधी सोडियम बोरोहायड्राइडनं पक्का करून 136 शोधायचा का?

कुणी स्वतः केलंय का हे? सर म्हणतात "वाच अजून", पण वाचून डोकं भणाणलंय.