साथीच्या काळात टीईटीला (शिक्षक पात्रता परीक्षेला) सूट द्यायला हवी होती का?

तिसरा बाक:
खूप दिवस मनात आहे, आज लिहूनच टाकते, जरा लांबण लागेल. १९ जानेवारी २०२० ची महाटीईटी (राज्याची टीईटी) दिली, पेपर एक (पहिली ते पाचवीसाठीचा). १५० पैकी ८६. ओपनला ९० लागतात म्हणजे ४ मार्कांनी गेले. म्हटलं ठीक आहे, ५ जुलैला सीटीईटी (केंद्राची टीईटी) आहे, तिथे काढू. मग लॉकडाऊन. सीटीईटी पुढे गेली ती थेट ३१ जानेवारी २०२१ ला झाली आणि तेव्हा नेमके घरात दोघं पॉझिटिव्ह, मी क्वारंटाईन, हॉल तिकिटाची प्रिंट अजून फाईलमध्ये तशीच आहे. राज्याची टीईटी तर तारखा बदलत बदलत २१ नोव्हेंबर २०२१ ला झाली. म्हणजे एका महाटीईटीपासून दुसरीपर्यंत बावीस महिने.

मधल्या काळात एका खासगी शाळेत तिसरी-चौथीला ऑनलाइन शिकवत होते. मुलं आवाजावरून ओळखायची, "बाई तुमचं नेट गेलं" म्हणून ओरडायची. एक दिवस ऑफिसातून फोन, टीईटीचं सर्टिफिकेट नाही ना, मग पुढच्या महिन्यापासून येऊ नका. येऊ नका म्हणे, जात कुठे होते मी, स्वयंपाकघरातूनच तर शिकवत होते!

माझं म्हणणं एवढंच की माफी नको होती, मुदत हवी होती. डीएड (शिक्षकाची पदविका) झालं होतं, परीक्षा घेणं सरकारलाच जमत नव्हतं, तर तात्पुरतं पत्र द्यायचं आणि सांगायचं, परीक्षा सुरू झाल्यावर पहिल्या दोन संधींत पास व्हा नाहीतर घरी बसा. अमेरिकेत इलिनॉय, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी २०२० मध्ये लायसन्सच्या काही परीक्षांच्या अटी तात्पुरत्या बाजूला ठेवल्याच की. आणि आपल्या आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम २३(२) मध्येही पात्रता शिथिल करायची सोय आहे.

जुना हेडमास्तर:
ताई, त्रास कळतो पण कलम नीट वाचा. ती सोय पात्र शिक्षक पुरेसे मिळत नसतील किंवा प्रशिक्षणाच्या संस्थाच कमी असतील तर आहे. आपल्याकडे डीएड करून घरी बसलेली पोरं गावोगाव आहेत, तुटवडा कसला दाखवणार?

आणि "तात्पुरतं" या शब्दाचीच मला धास्ती आहे. १३ फेब्रुवारी २०१३ पासून राज्यात टीईटी सक्तीची, तरी बिनटीईटी माणसं लागलीच, मग मुदत, मग ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत, मग कोर्टकचेऱ्या. तोवर त्या माणसाचं लग्न होतं, घराचे हप्ते सुरू होतात आणि मग त्याला काढायची वेळ आली की काढणाऱ्यालाच पापी ठरवतात. मी दोघांना अशी पत्रं हातात दिली आहेत. एकाने पत्र न वाचताच घडी घालून खिशात ठेवलं, त्याला माहीत होतं काय आहे ते.

तिसरा बाक:
सर तुम्ही माझीच बाजू मांडताय. मुदत वाढत गेली हा दोष मुदत वाढवणाऱ्याचा ना? १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तर वर्षानुवर्षं नोकरी झालेल्यांनाही सांगितलं की निवृत्तीला ५ वर्षांहून जास्त बाकी असतील तर दोन वर्षांत टीईटी पास व्हा. म्हणजे आधी शिकवा, मग परीक्षा द्या, हे कोर्टालाही चालतंच की.

जुना हेडमास्तर:
चालत नाही म्हणूनच तर निकाल तसा आला! आणि ते लोक आरटीईच्या आधी लागलेले, त्यांच्या वेळी ही अट नव्हती. तुमच्या वेळी होती.

पाठटाचण:
मी डीएडची २०२१ बॅच. सूट नाही मिळाली म्हणता, आम्हाला तर मिळालीच. छात्रसेवाकाल (शाळेत जाऊन करायचा शिकवण्याचा सराव) घरून. पाठ घ्यायचा म्हणजे मोबाईल गव्हाच्या डब्यावर टेकवायचा, समोर दोन चुलत बहिणी आणि एक शेजारचा पोरगा विद्यार्थी म्हणून बसवायचे आणि व्हिडिओ पाठवायचा. माझा पाठ भागाकाराचा होता, पोरगा मध्येच उठून गेला तर मी "शाब्बास" म्हणून पुढे गेले 😅 पूर्ण मार्क. खरा चाळीस पोरांचा वर्ग पास झाल्यावरच पाहिला, आणि पहिल्या दिवशी फळ्याकडे पाठ कशी करायची ते कळेना, वळले की मागे गोंधळ. मग निदान एक परीक्षा तरी शाबूत राहिली ते बरंच झालं असं माझं मत. आधीची चाळण फाटलेली असताना पुढचीही काढून टाकायची?

चार पर्याय:
कुठली चाळण हो? १५० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, गोळे काळे करा. यात शिकवता येतं का हे कळतं? आणि धागाकर्तीला माहीत असेलच, ज्या परीक्षेत ती ४ मार्कांनी गेली त्याच परीक्षेत पैसे देऊन मार्क वाढवून घेतलेले निघाले, २०२२ मध्ये ७ हजारांवर लोकांची संपादणूक (निकाल) रद्द केली परीक्षा परिषदेने. अट पोलादी होती, कुलूप मात्र आतून उघडं. प्रामाणिक मुलगी बाहेर आणि पाकीटवाला वर्गात.

तिसरा बाक:
ते वाचलं त्या रात्री झोप नाही लागली.

फाईल नं ३:
दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत. ४ मे २०२० चा वित्त विभागाचा जीआर, आरोग्य वगैरे सोडून नवीन भरती बंद. टीईटीला सूट दिली असती तरी झेडपीत जागा कुठे होती? फायदा झाला असता तो खासगी संस्थाचालकांना, "तात्पुरत्या" बाई आणखी स्वस्तात. दुसरं, सूट अजिबात दिलीच नाही असंही नाही. सर्टिफिकेट सात वर्षांचं असायचं, २०१३ च्या पहिल्या बॅचची मुदत नेमकी साथीतच संपत होती, जून २०२१ मध्ये ते आजन्म केलं. पण ती सूट पास झालेल्यांना.

चार पर्याय:
म्हणजे ज्याच्याकडे छत्री त्यालाच रेनकोट.

पाठटाचण:
आणि दहावीचं काय, २०२१ ला परीक्षाच नाही, निकाल ९९.९५ टक्के. ती मुलं आता डीएडला येऊन गेली. त्यांनाही सूटच सूट दिली तर कुठे थांबायचं?

जुना हेडमास्तर:
ताई, रागावू नका, एक विचारतो. ८६ मध्ये विषयवार किती होते?

तिसरा बाक:
बालमानसशास्त्र २७, मराठी २२, इंग्रजी १६, परिसर १२. गणित ९.

जुना हेडमास्तर:
३० पैकी?

तिसरा बाक:
हो.

जुना हेडमास्तर:
आणि तिसरी-चौथीला गणित कोण शिकवायचं?

तिसरा बाक:
मीच. आणि छान शिकवायचे, विचारा त्या मुलांना. कळलं तुमचं, कळलं.