मदत हवी आहे: एकच यूजर अकाउंट प्रचंड स्लो, प्रोफाइल 160 जीबीच्या वर

नमस्कार,

घरच्या डेस्कटॉपवर विंडोज 11 आहे, 16 जीबी रॅम, एसएसडी. दोन अकाउंट आहेत, एक माझं आणि एक आईचं. आईचं अकाउंट पासवर्ड टाकला की लगेच उघडतं. माझ्या अकाउंटला 'वेलकम'खालचं चक्र फिरतच राहतं, मग काळा स्क्रीन, मग डेस्कटॉप दिसतो, पण टास्कबारवर क्लिक केलं तरी बराच वेळ ढिम्म हलत नाही. फाइल एक्सप्लोरर उघडला की वरची हिरवी पट्टी रांगत पुढे सरकते. कुठल्याही फाइलवर राइट क्लिक करून 'शो मोअर ऑप्शन्स' दाबलं की मेन्यू यायलाही वेळ लागतो. गंमत म्हणजे ब्राउझर एकदा चालू झाला की तो मात्र व्यवस्थित पळतो.

मशीन तेच, डिस्क तीच, अँटीव्हायरस तोच. म्हणजे दुखणं माझ्या प्रोफाइलमध्येच आहे, याबद्दल मला शंका नाही. सी ड्राइव्हवर 'यूजर्स'मधला माझा फोल्डर 160 जीबीच्या वर गेलाय. त्यातला निम्मा भाग व्हिडिओ आणि डाउनलोड्स. उरलेल्यात सगळ्यात जड 'अ‍ॅपडेटा': आउटलुकची ओएसटी फाइल (सर्व्हरवरच्या मेलची मशीनवरची प्रत) एकटी 28 जीबी, शिवाय ब्राउझरचा कॅशे आणि 'टेम्प'मधल्या असंख्य बारीकसारीक फाइल्स. डेस्कटॉपवरही कामाच्या फाइल्स खच्चून भरल्यात.

आतापर्यंत केलेलं: 'टेम्प' रिकामं केलं, टास्क मॅनेजरमधून स्टार्टअपची नको ती अ‍ॅप्स बंद केली, एसएफसी स्कॅन, म्हणजे विंडोजच्या सिस्टिम फाइल्सची तपासणी, चालवलं (काही सापडलं नाही). फरक नाही. एक गोष्ट मात्र विचित्र वाटली. सेफ मोडमध्ये माझंच अकाउंट झटकन उघडतं.

सगळीकडे एकच सल्ला वाचतोय: नवीन अकाउंट काढा, फाइल्स तिकडे न्या, जुनं उडवा. शेवटी तेच करावं लागलं तर करेन, पण वर्षानुवर्षांच्या सेटिंग्ज आणि सेव्ह केलेले पासवर्ड त्यात जातील याची खरंच धास्ती वाटते. म्हणून त्याआधी विचारतोय: नुसत्या आकारामुळे प्रोफाइल इतकं स्लो होतं का? की कुठली तरी एकच गोष्ट नडतेय, आणि असेल तर ती हुडकायची कशी?

प्रतिसाद

अकाउंट उडवायची घाई करू नका. तुमच्या सेफ मोडच्या निरीक्षणातच बरंचसं उत्तर आहे. तिथेही प्रोफाइल 160 जीबीचंच होतं ना? तरी झटकन उघडलं. म्हणजे आकार हा मुख्य गुन्हेगार नाही.

लॉगिन करताना विंडोज तुमचा अख्खा फोल्डर वाचत नाही. रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातला) तुमचा भाग, म्हणजे एनटीयूजर.डॅट ही फाइल, लोड होते आणि मग स्टार्टअपची अ‍ॅप्स सुरू होतात. व्हिडिओ नुसते पडून असतात. ऑफिसमधलं रोमिंग प्रोफाइल असतं तर गोष्ट वेगळी, तिथे सर्व्हरवरून फाइल्सची ने-आण होते आणि आकार थेट भोवतो. तुमचं लोकल आहे.

साध्या सेफ मोडमध्ये नेटवर्क नसतं आणि बाहेरच्या सॉफ्टवेअरची बहुतेक लुडबूड बंद असते. म्हणून आधी या दोन गोष्टी बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' चालवा, जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हची यादी दिसेल. बंद पडलेल्या किंवा काढून टाकलेल्या मशीनकडे बोट दाखवणारा एखादा मॅप केलेला ड्राइव्ह (नेटवर्कवरचा फोल्डर, ड्राइव्हचं अक्षर देऊन जोडलेला) असेल, तर एक्सप्लोरर त्याच्या उत्तराची वाट बघत बसतो. क्विक अ‍ॅक्सेसमध्ये पिन केलेले असले फोल्डरही काढा. मॅपिंग प्रत्येक यूजरचं वेगळं असतं, त्यामुळे आईच्या अकाउंटला झळ लागत नाही.

राइट क्लिकचा मेन्यू रखडतो त्यामागे बहुधा शेल एक्स्टेंशन, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरने एक्सप्लोररमध्ये घुसवलेली जोडणी, असतं. या जोडण्यांची यादी दाखवणारं निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू घ्या, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, उरलेल्या थोड्या थोड्या बंद करत एक्सप्लोरर रीस्टार्ट करून बघा. डिलीट करू नका, नुसत्या डिसेबल करा.

आणि नवीन अकाउंट काढायची वेळ आलीच, तर एनटीयूजर नावाने सुरू होणाऱ्या फाइल्स तिकडे कॉपी करू नका. ब्राउझरचे पासवर्डही आधी एक्स्पोर्ट करून घ्या. क्रोम, एजसारख्या ब्राउझरमध्ये ते तुमच्या विंडोज अकाउंटच्या किल्लीने कुलूपबंद असतात, नुसता फोल्डर उचलून नेला तर उघडत नाहीत.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार! 'नेट यूज'मध्ये झेड ड्राइव्ह सापडला, कधीच काढून टाकलेल्या नेटवर्क स्टोरेजचा. क्विक अ‍ॅक्सेसमध्ये त्यातले फोल्डर अजून पिन होते. दोन्ही काढले, एक्सप्लोरर 'धिस पीसी'वर उघडेल असं सेटिंग केलं आणि रीस्टार्ट केलं. काळा स्क्रीन गेला, एक्सप्लोररही क्लिकसरशी उघडतोय.

राइट क्लिकचा मेन्यू अजून थोडा अडखळतो. शेलएक्सव्ह्यूमध्ये पीडीएफ आणि झिपवाल्यांच्या बऱ्याच नोंदी दिसतायत, आज त्या बंद करून बघतो. तोवर एक विचारू का: ती 28 जीबीची ओएसटी फाइल डिलीट केली तर आउटलुक सर्व्हरवरून सगळी मेल परत आणतं ना, की काही फक्त याच मशीनवर असण्याची शक्यता आहे?

प्रतिसाद

सर्व्हरवर असलेली मेल परत येते. पण फोल्डरच्या नावापुढे 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' लिहिलेलं असेल, तर त्यातलं फक्त तुमच्याच मशीनवर आहे. पीएसटी फाइल (आउटलुकची मशीनवरच मेल साठवणारी फाइल) असेल तर तिला हातच लावू नका. आधी ते तपासा, मग आउटलुक बंद करून ओएसटीचं नाव बदला आणि नवीन फाइल पूर्ण तयार होईपर्यंत जुनी ठेवा.