एएचएन लायडार: शीटच्या कडेला रेघा, सपाट जमिनीवर पायऱ्या

प्रश्न: नेदरलँड्सच्या एएचएन-4 (विमानातून लेझरने, म्हणजे लायडारने, मोजलेली देशभरची उंची) चा 0.5 मीटर डीटीएम (घरं-झाडं वगळून नुसत्या जमिनीची उंची) घेऊन हिलशेड, म्हणजे उतारांचं ऊन-सावलीचं चित्र, करतोय. प्रत्येक शीटच्या (डेटाच्या एका चौकोनी तुकड्याच्या) कडेला बारीक रेघ येते. शिवाय पोल्डरमध्ये (बांध घालून कोरड्या केलेल्या सपाट जमिनीत) टेरेन-आरजीबी टाइल्सवर, म्हणजे उंची रंगात साठवणाऱ्या नकाशा-तुकड्यांवर, पायऱ्या दिसतात. काय करावं?

उत्तर 1: शीट सुट्या सुट्या चालवू नका. उतार 3×3 पिक्सेलवरून निघतो. कडेच्या पिक्सेलला शेजारी नसतात, म्हणून तिथे नोडेटा (रिकामा पिक्सेल) पडतो. आधी सगळ्या शीटचं एक व्हीआरटी (अनेक फाइल्स एकच म्हणून दाखवणारी आभासी फाइल) बांधा, मग त्यावर हिलशेड करा. डीटीएममधली घरांखालची भोकं इंटरपोलेट करून (आजूबाजूच्या उंचीवरून अंदाजाने) भरली तरी चालतं. कालव्यांची मात्र तशी भरू नका, काठाची उंची पाण्यावर ओढली जाते.

उत्तर 2: पायऱ्या एन्कोडिंगमुळे, म्हणजे उंची रंगात लिहिण्याच्या पद्धतीमुळे. टेरेन-आरजीबीची पायरी 0.1 मीटर, आणि पोल्डरमध्ये तेवढा चढ यायला बरंच अंतर लागतं! टेरेरियम ही दुसरी पद्धत वापरा, पायरी 1/256 मीटर, म्हणजे सुमारे 4 मिलिमीटर. रीप्रोजेक्शन (वेब नकाशाच्या प्रक्षेपात बदलणं) फ्लोट, म्हणजे दशांशातल्या, उंचीवरच, बायलिनियरने (शेजारच्या चार पिक्सेलच्या भारित सरासरीने). रंगात बदलल्यावर सरासरी काढली की आर, जी, बी (लाल, हिरवा, निळा) वेगवेगळे मिसळतात आणि नकाशावर सुळके उठतात. लहान झूमच्या टाइल्सही म्हणूनच मूळ उंचीवरून बनवा. पीएनजीच ठेवा, जेपीईजी अजिबात नको.

प्रश्नकर्ता: झूम कितीपर्यंत?

उत्तर 2: 256 पिक्सेलची टाइल असेल तर 17. तिथल्या अक्षांशावर पिक्सेल साधारण 0.74 मीटरचा पडतो. 18 ला फाइल्स चौपट होतात, तपशील थोडाच वाढतो.