मामीने चुना लावलेली चामखीळ

कुणीतरी लिहिलंय की लाइट थेरपीने (अतिनील किरणांच्या उपचाराने) अंगावर गाठी येतात म्हणून सोरायसिसवाल्यांनी (कातडीवर खवले धरणारा आजार) त्या वाटेला जाऊच नये, हे मला अर्धंच पटलं. लाइट थेरपी म्हणजे काय एकच प्रकार आहे का? सोरॅलेनची, म्हणजे कातडीला किरणांचा परिणाम जास्त व्हावा म्हणून द्यायची गोळी (हो, आपल्या बावचीत असतं तेच) खाऊन दोनेक तासांनी यूव्हीए हे अतिनील किरण घेतात तो पुवा, आणि हल्ली जास्त करून देतात तो नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे दुसऱ्या जातीच्या अतिनील किरणांचा अरुंद पट्टा, ३११ नॅनोमीटरचा, त्यात गोळीबिळी नसते. भीती आहे ती मुख्यतः पुवाची. अमेरिकेत १९७५ पासून पुवा घेतलेले १३८० पेशंट वर्षानुवर्षं तपासत राहिले, त्यात स्क्वॅमस सेल कॅन्सर (कातडीचा एक कॅन्सर) वाढलेला दिसला, पण शेकड्यांनी सेशन्स झालेल्यांना जास्त, आणि ते बहुतेक सगळे गोरे.

आमच्या मामाने नव्वदच्या दशकात पुवा घेतला, किती वेळा ते कुणी मोजलंच नाही, फाइलही हरवली. बारा वर्षांनी हाताच्या पाठीवर मसुरीएवढे खरखरीत उंचवटे आले, शर्टाच्या बाहीला अडकायचे. मामी चामखीळ समजून चुना लावत बसली आणि कातडी भाजून घेतली ती वेगळीच. बायोप्सीत (तुकडा काढून तपासल्यावर) पुवा केराटोसिस, म्हणजे पुवामुळे येणारे खरखरीत उंचवटे निघाले, कॅन्सर नाही, द्रव नायट्रोजनने गोठवून काढले. तेव्हा सेशन्सचा आकडा स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. आणि पुरुषांनो, किरण देतात त्या चेंबरमध्ये चड्डी काढायची नाही, तिथल्या कातडीला धोका सगळ्यात जास्त.